सूचना लिहून घेतल्या आणि संमती म्हणून वापरल्या! रिडेव्हलपमेंटवाल्या सोसायट्यांनो, वाचाच

आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या नावाखाली जे झालं त्याबद्दल नातेवाइकांपासून जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारायलेत, फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय. लांब झालंय पण वाचा, कारण असली माणसं काय फक्त संभाजीनगरातच नाहीत, जालना, परभणी, नांदेड, लातूर, सगळीकडे चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगी आहेत आणि सगळीकडे लोकांचे गुडघे गेलेत.

आमची सोसायटी गारखेडा बाजूची. चार बिल्डिंगी, ४८ फ्लॅट, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. जिन्यातल्या स्लॅबची सळई उघडी पडलीय, पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. मूळ सभासद म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीतले, एक तलाठीकाका, दोघं-तिघं बँकवाले, सगळे साठीच्या पुढचे आणि मुलं बहुतेकांची पुण्याला. नळाला पाणी रोज येत नाही हे इथल्या लोकांना सांगायची गरज नाही, खालच्या टाकीतून वरच्या टाकीत मोटर कोणी किती वेळ चालवली यावरून दर उन्हाळ्यात भांडणं. म्हणजे नवीन बिल्डिंग पाहिजे होती, खरंच पाहिजे होती. "जास्तीच्या लोभानं फसले" असं जे काही लोक आता बोलायलेत त्यांनी आधी आमचा जिना चढून दाखवावा.

तर अशात एक कन्सल्टंट आला. स्वतःला पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणवायचा. त्याला कोणी आणलं हे आजपर्यंत कमिटीतला एकही माणूस कबूल करत नाही, जाऊ द्या. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "काका, बाकीचे बिल्डर आपला प्लॅन तुमच्या माथी मारतात. आपण उलटं करू. आधी तुम्ही सांगा तुम्हाला काय पाहिजे, मग आर्किटेक्ट पेन्सिल हातात घेईल." लोक तिथंच विरघळले. वर हेपण सांगितलं की महापालिका विकास आराखडा करते तेव्हापण कायद्यानं हरकती-सूचना मागवतात, तसंच हे. आता ते अर्धं खरंय, एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना घेतात, पण तिथं तुमचा कागद आवक होतो, पोच मिळते, सुनावणी असते. ह्याच्याकडं काय होतं? एक प्लास्टिकची फाइल आणि एक हसरा पोरगा.

मग "सूचना संकलन मेळावा" ठेवला, पार्किंगमध्ये मंडप, चहा, पोहे. प्रत्येक घराला दोन सुटे कागद. पहिल्या कागदावर प्रश्न आणि खाली रेघा, तुमच्या अपेक्षा लिहा. दुसऱ्या कागदावर वरती थोड्या रेघा आणि खाली छापलेलं: "वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे, मी स्वखुशीने सही करत आहे." मग नाव, फ्लॅट नंबर, सही. तारखेची जागा कोरी. पान नंबर नाही, पिन नाही. सोबत आधारची झेरॉक्स, शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स.

आणि लोकांनी काय मन लावून लिहिलं म्हणून सांगू! कूलरला खिडकीबाहेर पक्का ओटा आणि तिथंच पाण्याचा नळ. दहा दिवस पुरेल एवढी जमिनीतली टाकी. वाळवण घालायला गच्ची मोकळी ठेवा, मोबाइलचा टॉवर नको. व्हीलचेअरला उतार. माझ्या सासूबाईंनी तर बाथरूममध्ये पाट टाकून बसून अंघोळ करता येईल एवढी जागा असं लिहून बाजूला आकृती काढली, मग देवघर, मग भांडी घासायला मोरी, पहिला कागद संपला तेव्हा दुसऱ्यावर गेल्या. तलाठीकाकांचंही तसंच, आयुष्यभर सातबारा लिहिलेला माणूस, मुद्दे टाकून लिहिलं, नववा मुद्दा दुसऱ्या पानावर गेला. त्या पोराला ते आवडलं नव्हतं बरं का, "आज्जी, थोडक्यात लिहा ना" म्हणत होता. तेव्हा त्याचा अर्थ कोणाला कळणार?

आमच्या वरच्या काकूंनी विचारलं होतं, "काहो, सूचनेला सही कामून लागायली?" तर म्हणे, "मावशी, उद्या बिल्डर म्हणाला असं कोणी मागितलंच नाही, तर तुमच्याकडं पुरावा नको का?" आता ह्याला काय उत्तर आहे सांगा. पटण्यासारखंच होतं. शिवाय हजेरीच्या रजिस्टरवर सह्या आणि मेळाव्याचं पूर्ण व्हिडिओ शूटिंग, "आपल्या आठवणीसाठी".

पुढं प्रत्येक फ्लॅटमागं ११,००० रुपये, सर्वे, माती परीक्षण आणि प्रोजेक्ट रिपोर्टसाठी. ३९ घरांनी भरले, म्हणजे ४,२९,०००. खात्याचं नाव आमच्या सोसायटीसारखंच, पुढं "प्रोजेक्ट" जोडलेलं, नंतर कळलं ते त्याचंच करंट अकाउंट. एक दिवस दोघं जण मशीन घेऊन आले, पार्किंगच्या कोपऱ्यात भोक पाडलं, फोटो काढले, गेले. ते भोक आम्हीच नंतर सिमेंटनं बुजवलं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण खरा खेळ वेगळाच होता. तो कळला एका रविवारी, अंबडकडचे एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांच्या मिसेस गेटवर आल्या आणि वॉचमनला विचारू लागल्या की नवीन बिल्डिंगमधला ५०३ नेमका कुठं येणार. वॉचमन म्हणे इथं पाचवा मजलाच नाही. त्यांना खाली खुर्च्या टाकून बसवलं, पाणी दिलं, तर गुरुजींनी पिशवीतून फाइल काढली. प्री-लाँच ऑफर, दोन लाख आरटीजीएसनं भरलेले, काही रोख. रंगीत ब्रोशर, त्यावर आमच्याच गेटचा फोटो. महारेराचा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी नंबर नाही, क्यूआर कोड नाही (१ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पाहिजेच, आणि ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर रेरा नोंदणीशिवाय बुकिंगच घेता येत नाही). आणि मागं जोडलेल्या आमच्या ४१ जणांच्या संमतीपत्रांच्या झेरॉक्स! पहिल्या पानावर टाइप केलेलं, की सदर विकासकाची नेमणूक करण्यास माझी बिनशर्त संमती आहे, फ्लॅट रिकामा करून देण्यास मी तयार आहे, वगैरे वगैरे. दुसऱ्या पानावर आमच्याच सह्या. म्हणजे पहिला कागद बदलला, दुसरा तसाच ठेवला. एवढंच. खोटी सही करायचीसुद्धा गरज पडली नाही.

वर सभेचं इतिवृत्त, त्यात आमचा पोह्यांचा मेळावा म्हणजे "विशेष सर्वसाधारण सभा". हजेरी रजिस्टर जोडलेलं, व्हिडिओची सीडी उपलब्ध असं लिहिलेलं. हे उगाच नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाचे ४ जुलै २०१९ चे पुनर्विकासाचे निर्देश आहेत, त्यात सभेची १४ दिवस आधी नोटीस, दोन तृतीयांश सभासद हजर, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती, आणि विकासक निवडायच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग, तिथं सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी, असं सगळं आहे. त्या गड्यानं निर्देश नीट वाचले होते आणि एकेक कागद तसा जमवत गेला होता, आम्ही पोहे खात होतो. त्याच निर्देशांत सभासदांनी आपल्या सूचना सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्यायच्या असंही आहे, पण त्या सोसायटीच्या कमिटीकडं, बाहेरच्या माणसाच्या फाइलमध्ये नाही. हे निर्देश बंधनकारक की मार्गदर्शक यावर वकील लोक वाद घालतात, घालू द्या, पण फसवणारा वाचतो तर राहणाऱ्यानं का वाचू नये.

आता गंमत बघा. तलाठीकाका चष्मा लावून गुरुजींची फाइल बघत होते, स्वतःच्या संमतीपत्रावर आले आणि मोठ्यानं हसले. दुसऱ्या पानाच्या वर त्यांच्याच अक्षरात: "९) जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा." बिनशर्त संमती आणि खाली कठडा! सासूबाईंच्या पानावर तर भांड्यांची मोरी. ज्यांनी लांब लिहिलं त्या सगळ्यांच्या दुसऱ्या पानावर असं शेपूट राहिलं होतं. ह्या लोकांची अशी सहा पानं निघाली आणि तक्रारीत आमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरला, वकीलसाहेबांनी ती पानंच आधी लावली.

नंतरचं थोडक्यात सांगते. ज्याची सही वापरली त्या प्रत्येकानं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं की मी संमती दिलेली नाही, एक प्रत सोसायटीला, एक उपनिबंधकांना, पोच घेऊन. पेपरात जाहीर नोटीस दिली. आर्थिक गुन्हे शाखेकडं तक्रार झाली, पूर्वीचं ४२० म्हणजे आताच्या न्याय संहितेचं कलम ३१८, आणि बनावट दस्ताचं ३३६. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च केलं, नशिबानं डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालेलं नव्हतं. होणार तरी कसं, कारण प्रॉपर्टी कार्ड काढलं तर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं कधी झालंच नाही! चाळीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. त्याला हे माहीत असणार असं माझं मत, म्हणजे बिल्डिंग बांधायचा विचार पहिल्या दिवसापासून नव्हताच, माल होता तो आमच्या सह्या आणि गिऱ्हाईक होते अंबड-बीडकडचे लोक. आता डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे मालकानं करून दिलं नाही तरी सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, अर्ज तयार करणं चालू आहे.

घराघरात जे झालं ते वेगळंच. पुण्याहून फोन, "आई, तू वाचल्याशिवाय सही केलीच कशी?" अरे बाबा, तिनं वाचलंच होतं! जे वाचलं ते कागद नंतर बदलले. सेक्रेटरींशी दोन बिल्डिंगी बोलत नाहीत, चेअरमनचं बीपी वाढलं. मला सेक्रेटरी सामील होते असं वाटत नाही, पण ते ११,००० कोणत्या ठरावानं गोळा झाले याचं उत्तर त्यांनी द्यायलाच पाहिजे, आणि ते द्यायला टाळाटाळ करायलेत.

आता आमच्याकडं सूचना परत मागवल्यात, कारण बिल्डिंग तर पडायचीच आहे. ह्या वेळी ज्याचा त्याचा कागद, वर ठळक "ही फक्त सूचना आहे, संमती नाही", कमिटीच्या नावानं, प्रत्येक पानावर पान नंबर, तारीख आणि सही, रिकाम्या जागेवर आडवी रेघ, झेरॉक्सवर पोच. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवं लिहायचं. सासूबाईंनी ह्या वेळी चार पानं लिहिलीत.

आणि हे खास त्या लोकांसाठी ज्यांनी आमच्या गेटचा फोटो बघून बुकिंगचे पैसे भरलेत. लाजू नका, गुरुजीसुद्धा आधी मुलांना सांगायला घाबरत होते. पावती, आरटीजीएसची एंट्री, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं काहीही डिलीट करू नका, रोख दिले असतील तर कोणासमोर, कुठं दिले ते आत्ताच लिहून ठेवा. आणि तक्रार तुमच्या गावात वेगळी एकटी करण्याआधी एकदा गारखेड्यात येऊन आमच्या तक्रारीची प्रत घेऊन जा, वॉचमनकडं ठेवलेली आहे, गुरुजींचं नाव त्यात पहिलं आहे.