मीठ खोटं होतं, मीटर मात्र बरोबर दाखवत होता

ज्या माशांच्या दुकानात मी समुद्री टाकीच्या मिठात फसलो, त्याच दुकानाच्या पायरीवर परवा रविवारी एक नवरा-बायको उभे होते. त्याच्या हातात दोन फुटी काचेची टाकी, तिच्या हातात नाव नसलेली, तोंडाला पिन मारलेली मिठाची पांढरी पिशवी. ती पिशवी बघून माझ्या पोटात कालवलं. त्यांना मी थांबवलं, पण दर वेळी मी तिथं असणार नाही, म्हणून हे लिहितोय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात टर्नर आहे. गोड्या पाण्याचे मासे घरी पाच वर्षं आहेत. मालवणहून आल्यापासून सातवीतल्या मुलीला समुद्राचे मासे हवे होते. दुकानदार म्हणाला, "भावा, खाऱ्याचं आता लई सोप्पं झालंय. मीठ विरघळव, ही बाटली ओत, संध्याकाळी मासे सोड." मीठ ३५० रुपये किलो. पाकीट का नाही म्हणून विचारलं, तर इम्पोर्टेड पोतं फोडून सुटं देतो म्हणाला. मी पाच किलो घेतलं. वर बॅक्टेरियाची बाटली, पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणि क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून आकडे लिहून दिले.

दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे ५६ लिटरच्या आसपास पाणी. लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं आरओच्या पाण्यात मीठ विरघळवलं आणि हायड्रोमीटर बुडवला. काटा बरोबर १.०२५ वर, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा आकडा. दिवसभर व्हर्नियर हाताळणारा माणूस मी, माप जुळलं की माझा विश्वास बसतो. तिथंच घात झाला. हायड्रोमीटरला फक्त पाण्याची घनता कळते, पाण्यात कुठलं मीठ आहे ते कळत नाही. वाण्याकडचं मीठ तेवढंच घातलं तरी काटा तिथंच येऊन थांबतो.

तिसऱ्या दिवशी एक मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला येऊन थांबला. कल्ले भराभरा हलत होते. दाणे तोंडासमोरून खाली जात होते, तो बघतही नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी दोघंही तळाला. मुलगी शाळेत गेली नाही. दुकानदार म्हणाला, "मासे घाबरले असतील, प्रवासाचा ताण. दुसरी जोडी घेऊन जा, तुला १,२०० ला देतो." मी घेतली. ती दोन दिवसही टिकली नाही.

आमच्या गल्लीतले एक सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मीठच तपासू या." मी कंपनीच्या नावाचं सीलबंद सागरी मीठ मागवलं. त्यांनी तीन ग्लासांत सारखंच आरओचं पाणी घेतलं. एकात ते नवं मीठ, दुसऱ्यात माझ्या पिशवीतलं, तिसऱ्यात स्वयंपाकाचं. मग धुण्याचा सोडा वेगळा पाण्यात विरघळवून तिन्हींत दोन-दोन चमचे घातला. पहिला ग्लास बघता बघता दुधासारखा पांढरा झाला. माझा आणि स्वयंपाकघरातला, दोन्ही नितळच राहिले. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. सोड्यानं ते पांढऱ्या साक्यासारखं बाहेर येतं. माझ्या पाण्यात बाहेर यायला काही नव्हतंच. ३५० रुपये किलोनं मी साधं मीठ आणलं होतं.

शिवाय अमोनिया, म्हणजे माशांना विषच. टेस्ट किट आणून बघितलं, तर पाणी अमोनियानं भरलेलं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. बाटलीनं थोडी मदत होतही असेल, पण संध्याकाळी मासे सोडण्याइतकी नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत मासा नको. हे दुकानदाराला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. मासा मेला की गिऱ्हाईक दुसरा घ्यायला येतं.

दुसऱ्या खेपेला त्यानं काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं फांद्यांचं पांढरं कोरल, म्हणजे प्रवाळ, काढून दाखवलं होतं. टाकीत ठेव, पाणी स्थिर राहील म्हणाला. पैसे संपले होते म्हणून मी नाही म्हटलं. नंतर कळलं की आपल्याकडं खडक बांधणारी कोरलं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडा विकत घेणंसुद्धा गुन्हा. समुद्री घोडाही तसाच. आपल्या घरात तसा तुकडा आल्यावर कुणाची तक्रार करायची हिंमत राहणार? मला वाटतं, बिल न देण्यामागं हेही कारण असावं.

पैसे परत मागितले तर तो म्हणाला, "मीठ माझंच कशावरून?" पिशवीतलं उरलेलं तीन किलो मीठ पिनेसकट आणि वहीचा तो कागद मी जपून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवलीय. नवं मीठ घातलेली टाकी पाचव्या आठवड्यात आहे, अजून मासा सोडलेला नाही. रोज संध्याकाळी मुलगी टेस्ट करते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. काल अमोनिया शून्य आला, नायट्राइट थोडा बाकी आहे.