ग्रेट लीगची टीम: एबीसी की एबीबी?

पोकेमॉन गोची बॅटल लीग खेळणारा माणूस कधी ना कधी या प्रश्नावर येऊन अडकतोच. ग्रेट लीगच्या १५०० सीपी (पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) या मर्यादेखाली चांगले म्हणावेत असे दहा-बारा पोकेमॉन जमलेले असतात, टाइप चार्ट (कोणता टाइप कोणाला भारी त्याचा तक्ता) बऱ्यापैकी पाठ असतो, एनर्जी (फास्ट मूव्हने साठते, चार्ज्ड मूव्हला खर्च होते) मोजणंही थोडंफार जमतं. तरी पाच सामन्यांच्या सेटमध्ये दोन-तीनच्या पुढे आकडा सरकत नाही. मग एखादा पोकेमॉन बदलला जातो, पुढच्या सेटला दुसरा, आणि स्टारडस्ट (पोकेमॉन वाढवायला लागणारं खेळातलं चलन) मात्र आटत जाते. घोळ बहुतेक वेळा पोकेमॉनमध्ये नसतो, तिघांच्या मांडणीत असतो. मांडणीच्या मुख्य पद्धती दोन: एबीसी आणि एबीबी. एक अक्षर म्हणजे एक पोकेमॉन, सारखं अक्षर म्हणजे सारखी कमजोरी. एबीए वगैरे पोटप्रकार आहेत, पण ते पुढे आपोआप कळतात.

एबीसी म्हणजे तिघे तीन तोंडांना. एकाच्या कमजोरीवर दुसऱ्याने पांघरूण घालायचं, दुसऱ्याच्या कमजोरीवर तिसऱ्याने. जुनं उदाहरण अल्टारिया, रजिस्टील, अझूमॅरिल. अल्टारियाला आइसचा फटका दुहेरी, म्हणजे २.५६ पट बसतो. शिवाय रॉक, फेअरी आणि ड्रॅगनही त्याला झोंबतात. यातल्या आइस, रॉक, फेअरीसमोर रजिस्टील उभा राहतो, ड्रॅगनसमोर अझूमॅरिल. रजिस्टीलला ग्राउंड, फायटिंग आणि फायर नको असतात. ते तिन्ही अल्टारिया पचवतो, ग्राउंड तर ०.३९ पटीवर. अझूमॅरिलला ग्रास आणि पॉयझन नको, तिथे उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी असतोच. फट एवढीच की अझूमॅरिलवर इलेक्ट्रिक आलं तर मागचे दोघे ते फक्त सहन करतात, परतवत नाहीत. कागदावर तरी ही टीम सुरेख आहे.

एबीबीत मुद्दाम उलटं करतात. मागचे दोघे एकाच कमजोरीचे घ्यायचे आणि पुढे त्या कमजोरीचा काळ ठेवायचा. उदाहरणार्थ लीडला, म्हणजे सुरुवातीला उतरणारा, टॅलनफ्लेम, मागे स्वॉम्पर्ट आणि व्हिस्कॅश. दोन्ही मागचे वॉटर-ग्राउंड, दोघांनाही ग्रासचा फटका २.५६ पट. टॅलनफ्लेम मात्र ग्रासचा मार ०.३९ पटच घेतो आणि परत १.६ पट भाजतो. टॅलनफ्लेमचे वैरी तीन: रॉक, इलेक्ट्रिक, वॉटर. रॉक आणि इलेक्ट्रिकवाले मागच्या चिखलात रुततात. वॉटर-ग्राउंडवर इलेक्ट्रिकचा परिणाम ०.६२५ असतो, हे नवखे नेहमी विसरतात. वॉटर दिसलं की खुशाल वीज सोडतात. तिसरा वैरी वॉटर. तो या टीमची खरी डोकेदुखी, त्याच्याकडे नंतर येऊ.

दोन्ही पद्धतींत लीड जिंकली तर फरक जवळजवळ पडत नाही. लीड जिंकलेला सामना कुठल्याही टीमने पुढे नेता येतो. टीम कशी आहे ते कळतं लीड हरल्यावर, आणि माझं मत ज्या एका त्रासाने पक्कं केलं तोही तिथेच आहे.

एबीसीने लीड हरलात तर सेफ स्विच (कोणापुढेही फारसा न हरणारा बदली पोकेमॉन) काढायचा, असं सगळे सांगतात. काढा. तुमचा अल्टारिया समोरच्या अझूमॅरिलपुढे अडकला म्हणून तुम्ही रजिस्टील आणला. समोरच्याने दोन सेकंद विचार करून स्वॉम्पर्ट टाकला. आता तुमचं स्विचचं घड्याळ चालू आहे, ते संपेपर्यंत पुन्हा बदल करता येत नाही. सुरुवातीच्या सीझनांत ते पूर्ण ६० सेकंदांचं होतं, पुढे कमी केलं, पण या खेळात त्याहून कमी वेळातही एखाद्याचा निकाल लागतो. स्वॉम्पर्टचा मड शॉट ही फास्ट मूव्ह भराभर एनर्जी देते आणि हायड्रो कॅनन या चार्ज्ड मूव्हला ४० लागतात. म्हणजे चार-पाच मड शॉट, कॅनन, पुन्हा चार-पाच, पुन्हा कॅनन. दर चार-पाच सेकंदांनी एक घाव येतोय, मधले मड शॉटही स्टीलला १.६ पटीने बसतायत, आणि रजिस्टीलला बाहेर काढता येत नाही. दोन्ही शील्ड (चार्ज्ड मूव्ह अडवणाऱ्या ढाली, सामन्याला दोनच) घालून तो वाचवायचा की मरू द्यायचा, एवढंच हातात उरतं.

समजा मरू दिला. अल्टारिया परत येऊन स्वॉम्पर्टला आरामात घेईल, मड शॉट त्याला जेमतेम खरचटतो. पण रजिस्टील ज्यांना अडवणार होता ते आइस, रॉक, फेअरीवाले आता मोकळे. समोरचा अझूमॅरिल पूर्ण तब्येतीत बाहेर बसलाय, तिसरा कोण ते अजून दिसलेलं नाही, आणि अल्टारियावर पांघरूण घालणारा टीममध्ये कोणी राहिलेला नाही. एबीसीत प्रत्येकाकडे एकेकट्याचं काम असतं. एक गेला की त्याचं काम कोणीच करत नाही. कोण पहिला जाणार हे तुम्ही ठरवत नाही, समोरचा ठरवतो. मला हेच सतत खुपत आलंय.

आता तीच वेळ एबीबीत बघा. टॅलनफ्लेमपुढे अझूमॅरिल आला. ताबडतोब स्वॉम्पर्ट टाकायचा, एक इन्सिनरेटही न मारता, कारण ती मूव्ह अडीच सेकंदांची आहे आणि तेवढा वेळ तुम्ही फुकट मार खाता. समोरच्याने ग्रासवाला व्हीनसॉर काढला. छान. स्वॉम्पर्ट आता मरणार, त्याला शील्ड द्यायची नाही. इथे बहुतेकांचा हात थरथरतो आणि एक शील्ड जातेच. ती घालवू नका, २.५६ पटीसमोर एका शील्डने काही वाचत नाही. व्हाइन व्हिप आणि एखाद्या फ्रेन्झी प्लँटने स्वॉम्पर्ट काही सेकंदांत आडवा होतो. आपला पोकेमॉन पडल्यावर दुसरा आणताना स्विच खर्च होत नाही. उलट व्हीनसॉर नुकताच बदलून आलेला असल्यामुळे समोरच्याचं घड्याळ अजून चालू आहे, म्हणजे तोच अडकलाय. टॅलनफ्लेम आत येतो. पहिला इन्सिनरेट, दुसरा, तिसरा. व्हीनसॉर अर्धमेला झाला की चार्ज्ड मूव्ह वापरायची नाही, नुसत्या इन्सिनरेटने संपवायचं. एका इन्सिनरेटला २० एनर्जी मिळते, पाच झाले की १००, त्यावर साठत नाही. म्हणजे ग्रास गेला, तुमच्या दोन्ही शील्ड हातात, टॅलनफ्लेम एनर्जीने भरलेला, आणि मागे व्हिस्कॅश ज्याचा वैरी आता जिवंत नाही. एक पोकेमॉन दिला खरा, पण कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवलंत.

एबीबीची बाजू घेताना तिचं दुखणं लपवायला नको. समोरचा ग्रास शेवटपर्यंत काढलाच नाही तर? मुरलेला खेळाडू स्वॉम्पर्ट दिसला तरी आमिषाला लागत नाही. तो ग्रास मागे राखतो, आधी टॅलनफ्लेम संपवतो, आणि मग तुमच्या दोन्ही चिखलवाल्यांना सावकाश खातो. अशा वेळी पुढे असलेला सामनाही जातो. म्हणून या टीमचा एक दंडक पाळावा लागतो: ग्रास दिसेपर्यंत टॅलनफ्लेम मरू द्यायचा नाही. ब्रेव्ह बर्ड या त्याच्या चार्ज्ड मूव्हने स्वतःचा डिफेन्स पडतो, तेव्हा ती मारायची तर लगेच बाहेर निघता येईल अशा वेळी, किंवा समोरचा नक्की पडणार असेल तेव्हा. बिनकामाची मारलेली एक ब्रेव्ह बर्ड आणि त्यानंतर लॉक झालेलं घड्याळ, या टीमचे निम्मे पराभव इथेच होतात असा माझा अंदाज आहे.

दुसरं दुखणं वॉटर. अझूमॅरिल स्वॉम्पर्टचा हायड्रो कॅनन ०.६२५ पटीवर घेतो आणि टॅलनफ्लेमला तर सरळच हरवतो. यावर पूर्ण उपाय या तिघांत नाही. व्हिस्कॅश जास्त टिकतो म्हणून त्याच्यासमोर तोच बरा, आणि शील्ड तिथे खर्च करायच्या. याच कारणाने मागचे दोघे एकमेकांची नक्कल नसावेत. कमजोरी सारखी असावी, स्वभाव वेगळा. स्वॉम्पर्ट घाईने मारतो, व्हिस्कॅश उशिरापर्यंत उभा राहतो आणि ब्लिझर्ड ठेवली तर अल्टारियासारख्याला किंवा गाफील ग्रासला दणका देतो. ब्लिझर्डला ७५ एनर्जी, म्हणजे नऊ-दहा मड शॉट. मोजायला सोपं, साठवायला जिवावर येतं.

खर्चाच्या बाबतीत दोन्हीकडे चटके आहेत, पण सारखे नाहीत. एबीबीच्या या टीमला टॅलनफ्लेमचा इन्सिनरेट आणि स्वॉम्पर्टचा हायड्रो कॅनन लागतो. दोन्ही कम्युनिटी डे या खास दिवशी मिळालेल्या मूव्ह, ती तारीख चुकली असेल तर एलिट टीएम (हवी ती मूव्ह शिकवणारी दुर्मीळ वस्तू) जाणार. त्या दोघांची दुसरी चार्ज्ड मूव्ह मात्र दहा-दहा हजार स्टारडस्ट आणि २५ कँडीत उघडते. एबीसीत रजिस्टीलचीच दुसरी मूव्ह एक लाख स्टारडस्ट आणि १०० कँडी मागते. शिवाय रेडमधून (बॉसला हरवून) मिळालेल्या रजिस्टीलचा अटॅक आयव्ही (० ते १५ मधला जन्मजात गुण) १० च्या खाली नसतो. १५०० च्या मर्यादेत अटॅक कमी आणि डिफेन्स-स्टॅमिना जास्त असलेला बरा, कारण सीपीच्या सूत्रात अटॅक पूर्ण धरतात आणि बाकी दोघांचं वर्गमूळ. पण यावर फार जीव टाकू नये. ०-१५-१५ शोधत वर्ष घालवणारे पुष्कळ दिसतात, तोवर कॅनन मोजायला शिकले असते तर जास्त फायदा झाला असता.

एबीसीचा खरा खर्च सेफ स्विचमध्ये असतो. सेफ म्हणजे कोणाहीसमोर हरला तरी थोडक्यात हरणारा. असे पोकेमॉन मोजकेच, आणि त्यांतले कित्येक लिकिटंगच्या जातीचे: नॉर्मल टाइप, कमजोरी फक्त फायटिंगची, पण १५०० च्या आसपास आणायला लेव्हल ५० गाठावी लागते. ४० वरून ५० ला २९६ एक्सएल कँडी (४० च्या पुढे लागणारी खास कँडी) आणि अडीच लाख स्टारडस्ट. एवढं ओतायची तयारी असेल तर एबीसी एकदम वेगळी टीम होते, वर सांगितलेला घड्याळाचा त्रास बराच बोथट होतो. ज्यांच्याकडे असा सेफ स्विच तयार आहे त्यांनी माझं ऐकून टीम मोडू नये.

स्पर्धेचं स्वरूपही बघावं. बॅटल लीगमध्ये समोरच्याला तुमची फक्त लीड दिसते, मागचे दोघे अंधारात. एबीबी या अंधारावर जगते. २०२२ पासूनच्या अधिकृत चॅम्पियनशिप मालिकेत सहा पोकेमॉन आधी उघड करून त्यातले तीन उतरवतात. तिथे सहांत दोन चिखलवाले आणि एक टॅलनफ्लेम दिसला की समोरचा हसतो. अशा ठिकाणी सहाची निवड एबीसीच्या अंगाने आणि त्यातून सामन्यागणिक कधी एबीबी, असं करणं शहाणपणाचं. नुसतं लीगमध्ये रेटिंग २००० च्या ‘एस’ या श्रेणीवरून २५०० च्या ‘व्हेटरन’कडे न्यायचं असेल, तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल.

स्वतःची एबीबी बांधायची तर सुरुवात लीडपासून करू नका. आधी मागचे दोघे धरा, जे तुम्हाला डोळे मिटून खेळता येतात. त्यांचा सामायिक वैरी कोण ते लिहा. मग असा ए शोधा जो त्या वैऱ्याला अर्ध्या तब्येतीतही, शील्ड न वापरता, शक्यतो नुसत्या फास्ट मूव्हने संपवेल. शेवटी एच्या वैऱ्यांची यादी करा आणि त्यातले किमान दोन तृतीयांश बींना मारता येतात का बघा. तिसरी पायरी नेमकी सुटते. ए बींच्या वैऱ्याला थोडक्यात हरवत असेल तर ती एबीबी म्हणायची नाही, मागचा खड्डा उघडाच राहतो. दर सीझनला मूव्ह बदलतात तेव्हा आधी हीच पायरी पुन्हा तपासावी. अख्खी टीम बदलायची वेळ क्वचितच येते.

टीम ठरली की एका दिवसाचे पाचही सेट, म्हणजे २५ सामने, तिला हात लावू नका. वहीत तीनच रकाने: समोरची लीड, माझ्या स्विचवर त्याने काढलेला पोकेमॉन, आणि शेवटी उरलेला. एबीबीत दुसऱ्या रकान्यात तेच ते नाव दहा वेळा यायला हवं, तुमच्या बींचा वैरी. येत नसेल, लोक तो शेवटच्या रकान्यात राखून ठेवत असतील, तर लीडला स्वॉम्पर्ट ठेवून टॅलनफ्लेम मागे न्या आणि पुढचे २५ त्याच तिघांनी खेळा.