जुनी ऑटोमॅटिक आणि ओव्हरड्राइव्हचं बटण : आठ महिन्यांनंतर

गाडी जुनी, गिअर चारच. दांड्याच्या बाजूला अंगठ्याखाली एक छोटं बटण. पहिले दोन महिने मी त्याला हात लावला नाही, कारण ते वेग वाढवण्यासाठी असावं असा माझा समज होता. खरं तर उलट आहे. ओव्हरड्राइव्ह म्हणजे फक्त चौथा गिअर. तिसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट जवळपास सारखेच फिरतात. चौथ्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. म्हणजे त्याच वेगाला इंजिन निवांत चालतं, पण ताकद कमी मिळते.

बटण दाबलं की डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ लागतं. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. एरवी दिवा विझलेलाच हवा. तो आपोआप लुकलुकू लागला, तर बऱ्याच गाड्यांमध्ये तो बिघाडाचा इशारा असतो.

सरळ रस्त्यावर ८० च्या वेगात मी हे मुद्दाम करून पाहिलं. तिसऱ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा २,९०० वर. बटण पुन्हा दाबून ओव्हरड्राइव्ह चालू केला, क्षणभर थांबून काटा २,००० च्या आसपास उतरला आणि केबिनमधली घरघर एकदम शांत झाली. थोड्या वेळाने काटा आणखी साधारण २०० ने खाली आला. मला वाटलं पाचवा गिअर आहे की काय! तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एरवी ऑइलच ताकद पोचवतं, त्यामुळे थोडी घसर राहते. लॉक-अप लागला की दोन्ही थेट जोडले जातात. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला तर काटा लगेच वर उडी मारतो, कारण लॉक सुटतो. रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच करून बघा. इंजिन थंड असताना माझी गाडी चौथा टाकतच नाही, तेव्हा सकाळी घाबरून जाऊ नका.

या बटणाची खरी किंमत घाटात कळली. चढावर गाडी चौथ्यात जायची, दम संपायचा, तिसऱ्यात यायची, वेग पकडला की पुन्हा चौथ्यात. दर मिनिटाला हेच. या सततच्या अदलाबदलीने गिअरबॉक्सचं ऑइल तापतं, आणि तापलेलं ऑइल हा जुन्या ऑटोमॅटिकचा सगळ्यात मोठा शत्रू. बटण दाबलं आणि गाडी तिसऱ्यात ठाम राहिली. उतारावर तर मी आता बटण दाबल्याशिवाय निघतच नाही. चौथ्यात इंजिन गाडीला फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. उतार तीव्र असेल तर दांडा थेट ‘२’ वर, पण आधी वेग कमी करून.

चौथ्या महिन्यात एक त्रास सुरू झाला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकाट ओरडायचं आणि मग गिअर पकडायचा. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खोलावा लागेल असं सांगितलं. मी दुसरीकडे दाखवली. माझ्या गाडीत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. पाय किती दाबला आहे हे गिअरबॉक्सला तिच्यावरून कळतं. ती सैल झाली होती. सैल केबलने आतला दाब कमी राहतो, गिअर लवकर आणि घसरत पडतात. ताण नीट केला आणि त्रास थांबला. तशीच चालवत राहिलो असतो तर आतल्या क्लच प्लेट जळाल्या असत्या, म्हणून गिअरबॉक्स खोलायच्या आधी केबल तपासून घ्याच.

ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबल्यावर गिअर खाली यायला अजूनही सेकंदभर लागतो. मी आता आधी बटण दाबतो, तिसरा पडू देतो, मगच बाहेर काढतो.