नाशिकमध्ये थेरपिस्ट निवडताना: पाटी, पद्धत आणि पार्टिशन

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही जा, ‘काउन्सेलर’ची पाटी दिसतेच. हा शब्द मात्र कुणीही लावू शकतं, चार दिवसांचं शिबिर केलेलाही. म्हणून आधी पदवी विचारा. सायकियाट्रिस्ट हा मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेला डॉक्टर. औषधं तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, सीआरआर (नोंदणी) नंबर असतो आणि तो आरसीआयच्या वेबसाइटवर तपासता येतो. नंबर विचारल्यावर समोरचा चिडला, तर पुढचं ठिकाण बघा.

एम.ए. सायकॉलॉजी केलेले कित्येक जण नात्यातले ताण, शोक, करिअरचा गोंधळ यांवर छान काम करतात. पण कानात आवाज येणं, झोप पार उडणं, जीव द्यावासा वाटणं असलं काही असेल तर पहिली भेट सायकियाट्रिस्टचीच. तो थायरॉइड, बी12, हिमोग्लोबिन तपासायला सांगेल. त्यात वेळकाढूपणा नाही; यांतलं काही बिघडलं तरी माणूस मरगळतो. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक कळायला 2 ते 4 आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून, आणि बरेच जण नेमके तेव्हाच गोळ्या सोडतात.

फोनवरच विचारून घ्या: सेशन 45 मिनिटांचं की 60, ऐनवेळी रद्द केलं तर फी लागते का, आणि या त्रासासाठी कोणती पद्धत वापरता? शेवटच्या प्रश्नात खरी परीक्षा आहे. ओसीडीचंच घ्या, म्हणजे नको ते विचार सतत येणं आणि त्यापायी हात धुण्यासारखी कृती पुन्हा पुन्हा करणं. त्यावर ईआरपी ही पद्धत चालते: भीतीला सामोरं जायचं, पण नेहमीची कृती करायची नाही. सिटीलिंक बसच्या दांडीला हात लावायचा, न धुता बसायचं, आणि भीती आपोआप उतरते हे अनुभवायचं. सोप्या पायरीपासून सुरुवात, पेशंटच्या संमतीनं. त्याऐवजी कुणी दर वेळी ‘अहो, काही घाण लागली नाही’ असा धीर देत बसलं तर त्रास वाढतो, कारण धीर मागणं हाही त्याच चक्राचा भाग असतो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, असेल तर साधारण 12 ते 20 सेशन धरा, आणि गृहपाठ मिळायलाच हवा. नुसत्या गप्पा होत असतील तर ती सीबीटी नाही.

आता खोली. वेटिंगमध्ये बसल्यावर आतलं बोलणं ऐकू येत असेल तर तुमचंही बाहेर ऐकू जाणार, आणि नाशिकमध्ये सोफ्यावर कुणी ओळखीचं निघायला वेळ लागत नाही. प्लायवूडचं पार्टिशन असलेली जागा सरळ नापास. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नं गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. दुसऱ्या पेशंटचे किस्से सांगणारा उद्या तुमचेही सांगेल. दहा सेशनचे पैसे आगाऊ मागणारे आणि ‘एका बैठकीत भीती गायब’वाले, दोघांनाही नमस्कार.

त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल औषधोपचारासाठी, कमी खर्चात, नक्की जाण्यासारखं. पण ओपीडीच्या गर्दीत तासभर बोलायला मिळेल अशी अपेक्षा नको. रात्री अडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416: फुकट, चोवीस तास, मराठीतून. तातडीच्या आधारासाठी चांगलं, पण दर आठवड्याला तोच माणूस हवा असेल तर उपयोगाचं नाही.

खासगीत तिसऱ्या-चौथ्या सेशनला थेट विचारा, ‘आपण कशावर काम करतोय?’ उत्तर गोल फिरलं तर फाइलची प्रत मागा आणि दुसरीकडे वेळ घ्या.