बीगल की पग? चेहरा बघून ठरवू नका

दोन्ही लहान चणीचे, दोन्ही माणसाळलेले, दोन्ही मुलांत रमणारे. त्यामुळे पिल्लू आणायचं ठरलं की अनेक घरं कुत्र्यांच्या या दोन जातींपाशी अडतात आणि शेवटी ज्याचा चेहरा जास्त गोंडस, तो घरी येतो. चेहरा जरा बाजूला ठेवा. घरात दिवसभर कोण असतं आणि कुत्र्याला रोज फिरवून कोण आणणार, याची खरी उत्तरं आधी द्या. ('सगळे मिळून बघू' हे उत्तर धरत नाहीत.)

बीगल हा शिकारी. सशाचा माग काढत टोळीनं धावण्यासाठी त्याची पैदास झाली आणि त्याचा सगळा स्वभाव त्यातूनच येतो. वास नाकात शिरला की कान बंद. हाका मारून घसा कोरडा पडला तरी स्वारी कुंपणाखालच्या फटीतून पसार. मोकळ्या जागी पट्टा सोडायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळायचं. टोळीतला असल्यामुळे एकटेपणा त्याला सोसत नाही. मग तो रडतो, आणि आवाज तर मागे राहिलेल्या शिकाऱ्याला लांबून ऐकू जावा असाच. भिंतीला भिंत लागून घर असेल तर शेजाऱ्यांचा विचार आधी करा.

त्याला रोज तासभर तरी बाहेर हवं. भराभर चालवून आणलं की झालं, असं मात्र नाही. खांबाखांबाशी थांबू द्या, हुंगू द्या. हुंगण्यानंच तो खरा दमतो. याच नाकासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुडकायला बीगल ठेवले. घरी तेच नाक कचऱ्याच्या डब्यात आणि मुलांच्या दप्तरात जातं. खादाडपणामुळे वजन लवकर वाढतं. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून अधूनमधून कान उचलून वास घ्यायचा. आंबूस आला तर डॉक्टरांकडे.

पगचं काम एकच: माणसाची सोबत. चीनच्या राजदरबारातही तो त्याचसाठी पाळला जाई. थोडं चाललं की खूश, भुंकणं बेताचं, तुम्ही या खोलीतून त्या खोलीत गेलात की हा मागोमाग. वयस्कर माणसाला ओढून पाडेल इतका जोर नाही. इथवर सगळं छान.

अडचण आहे ती त्या लाडक्या चपट्या तोंडात. पैदास करताना जबड्याची हाडं आखूड होत गेली, पण तोंडातला, घशाकडचा मऊ टाळू तितका आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो, त्यात नाकपुड्या अरुंद. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकून. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, ते उकाड्यात थोड्या धावपळीनंही कोसळू शकतं. पगचं घोरणं ऐकून लोक हसतात. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. काही विमान कंपन्या चपट्या तोंडाची कुत्री सामानाच्या कप्प्यातून नेत नाहीत, ते याच धोक्यामुळे. डोळ्यांच्या खोबणी उथळ, त्यामुळे बुबुळाला सहज ओरखडा जातो. गळ्यात पट्टा नको, छातीवरचा हार्नेस घ्या. तोंडावरच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. आणि आखूड केस म्हणजे गळणार नाहीत, हा भ्रम सोडा. सोफ्याचा रंग बदलतो.

म्हणजे बीगल तुमचा वेळ खातो, पग डॉक्टरांचं बिल वाढवू शकतो. घरात चालायची हौस असलेलं कोणी असेल आणि थोडा गोंगाट चालत असेल तर मी डोळे झाकून बीगल सुचवेन. पग घ्यायचाच असेल तर शांत, थंड राहणारं घर आणि उपचारांसाठी बाजूला काढलेले पैसे हवेत. पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या आहेत ना, ते बघा. त्याच्या आईला थोडं चालवायला सांगा आणि तिचा श्वास ऐका. ती घरघरत असेल तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा.

घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूपबंद राहणार असेल, तर दोघांपैकी एकही आणू नका.