ड्रिबलिंग शिकवताना कोन लावावेत की समोर पोरं उभी करावीत?

शाळेचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदा उभा करताय, पोरं दहा-बारा वर्षांची, बॉल मोजके. खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या पीटी सरांपुढे तेव्हा दोन रस्ते असतात. कोन (प्लास्टिकचे शंकू) लावून त्यांच्यामधून नागमोडी ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, घ्यायचं, नाहीतर पहिल्या आठवड्यापासून समोर अडवणारा ठेवून खेळवायचं.

कोनची पद्धत दिसायला देखणी. गुडघे वाकलेत का, बॉल तळव्याने थोपटतोय की बोटांनी दाबतोय, हे एकेकाचं बघता येतं. डावा हात तयार करायला आणि क्रॉसओव्हर (बॉल आपटून एका हातातून दुसऱ्या हाताकडे नेणं) बसवायला हीच बरी. पण कोन बॉलला हात घालत नाही. पोरगं मान खाली घालून आरामात पार होतं आणि सामन्यात पहिला अंगावर आला की बॉल त्याच्या हवाली.

आता हिशेब करा. मुलं 20, बॉल 5. चौघांच्या रांगेत प्रत्येकाला फार तर पाव वेळ बॉल मिळतो, बाकी वेळ ढकलाढकली. त्याच चौघांना टू-ऑन-टू, म्हणजे दोघांविरुद्ध दोघे, खेळवलं तरी बॉल साधारण तितकाच मिळतो, पण उरलेले तिघे पळतात, अडवतात, जागा शोधतात. माझा कल इकडेच.

तोटे आहेत. धीट पोरं बॉल सोडत नाहीत, बुजरी कडेला सरकतात. गोंगाटात कुणाचा हात बॉलखाली जातोय तेही सुटतं, आणि पुढे पंच कॅरी (ड्रिबल करताना बॉल हातावर उचलून नेल्याची चूक) देतात. म्हणून तासाची सुरुवातीची दहा मिनिटं जागेवरचं ड्रिबल ठेवा, बॉल आळीपाळीने फिरवत. सरांनी बोटं दाखवायची, पोरांनी आकडा ओरडायचा. ‘एक-दोन’ म्हणा की कन्नडमध्ये ‘ओंदु-एरडु’, मान वर राहिली म्हणजे झालं.

पावसाळ्यात मात्र निवड तुमच्या हातात राहत नाही. भिजलेल्या लाल मातीत बॉल उसळतच नाही. मग व्हरांड्यातल्या फरशीवर जागच्या जागी ड्रिबल, डाव्या हाताने जास्त. खेळवणं कोर्ट सुकल्यावर.

आणि कुठलीही पद्धत घ्या, या वयाला 7 नंबरचा बॉल देऊ नका. तो 600 ग्रॅमच्या आसपास भरतो, 5 नंबरचा 500 च्या जरा खाली. बाहेरच्या सिमेंट कोर्टासाठी रबरीच घ्या. चामड्याचा तिथे लवकर सोलतो.