सही येते, पण वाचता येतं का? सोलापुरातल्या 'उल्लास' वर्गांचं परीक्षण

प्रौढ साक्षरतेच्या वर्गाचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. फुकट मिळतं त्याला नावं कशाला ठेवायची, असा भाव असतो. पण दिवसभर विड्या वळून संध्याकाळी दीड तास वर्गात बसणारी बाई तो वेळ आपल्या मजुरीतून काढते. त्या वेळेच्या बदल्यात तिच्या पदरात काय पडतं, हे चोख पाहायलाच हवं.

सेवा अशी आहे. 'उल्लास' म्हणजे केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम. मुदत २०२२ ते २०२७, वय १५ आणि पुढे. जवळच्या शाळेत नाव नोंदवायचं. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. शिकणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत.

नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट तपासावी. जनगणनेच्या व्याख्येत कुठलीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येणारी, सात वर्षांवरची व्यक्ती साक्षर असते. अक्कलकोटकडे कन्नड शाळेत शिकलेली बाई सोलापुरात मराठी फॉर्मसमोर अडते, पण ती निरक्षर नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वाचणाऱ्या आजींचंही तेच. अशांना 'अक्षर म्हणजे काय' इथपासून शिकवणं म्हणजे त्यांचा वेळ घालवणं. त्यांच्या लिपीतलं अक्षर आणि देवनागरी अक्षर शेजारी शेजारी मांडलेला तक्ता द्यावा, काम फार लवकर होतं.

दुसरी तपासणी डोळ्यांची, आणि वर्गांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. शिकणाऱ्या बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या. विडीचा दोरा हाताच्या सवयीने बांधला जातो, नजर कमी झालेली कळत नाही. पुस्तक समोर आलं की अक्षरं पुसट दिसतात आणि बाई म्हणते, "माझ्या डोक्यात शिरत नाही." पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रातली ठळक ओळ हातभर अंतरावर धरून दाखवावी आणि पुस्तक जवळ आणल्यावर ती ते मागे ढकलते का, ते पाहावं. ढकलत असेल तर आधी चष्मा, मग मुळाक्षरं. दीड-दोन नंबरच्या चष्म्याअभावी महिनाभराची मेहनत वाया जाते आणि दोष बुद्धीवर जातो. हे फार क्लेशदायक आहे, कारण ते सहज टाळता येतं.

आता शिकवण्याबद्दल. वर्णमालेच्या क्रमाने 'अ, आ, इ' सुरू करणारा वर्ग दुसऱ्या आठवड्यात रिकामा होऊ लागतो. आकाराने जवळची अक्षरं गटाने घेणारा वर्ग टिकतो: ग, म, न, मग व, ब, क, लगेच काना, म्हणजे 'नाव', 'काम', 'बाग' हे शब्द पहिल्या आठवड्यातच वाचता येतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्कं झाल्यावर चार-पाच दिवसांनी दुसरं घ्यावं. तेलुगू घरात क-ख, ब-भ यांतला फरक बोलण्यात पुसट असतो, तेव्हा तिथे आधी कानाला सवय लावून मग अक्षर दाखवावं.

नावाचा प्रश्न वेगळा. प्रत्येकीला पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायचं असतं, आणि पूर्व भागात ते नाव लक्ष्मी, पद्मा किंवा नरसम्मा असतं. 'लक्ष्मी'तलं जोडाक्षर वर्गाच्या क्रमाने शेवटी येतं. तोवर थांबवू नये. नाव अख्खं चित्रासारखं गिरवायला द्यावं, पाटीवर. पाटी वहीपेक्षा बरी, चूक पुसता येते आणि घरातल्या मुलांना दिसत नाही. रफार आणि रकार मात्र वेळ घेतात. 'अर्ज', 'कार्ड', 'क्रमांक', 'प्रमाणपत्र' हे रोज लागणारे शब्द त्यांच्याशिवाय वाचता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून दिवसाला एक तरी तसा शब्द हवाच.

अंकगणिताचा भाग सगळ्यात चांगला जमतो. कारण हिशेब आधीच येत असतो. पंचवीसचं बंडल धरलं तर हजार विड्यांची चाळीस बंडलं, त्यातून छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) वजा, हजारी दराने मजुरी, हे तोंडी बिनचूक होतं. अडतं ते कागदावर. 'पंचवीस' बोलताना आधी पाच येतो, म्हणून लिहिताना ५२ होतात. (बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा बराच वाद झाला. प्रौढांच्या वर्गात मात्र ती पायरी म्हणून फार उपयोगी पडते.) दुसरी अडचण दोन प्रकारच्या अंकांची. पुस्तकात देवनागरी, मोबाईलवर इंग्रजी. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ७ इंग्रजी सहासारखा. पैशांच्या व्यवहारात ही गल्लत महाग पडते, म्हणून दोन्ही अंक पहिल्यापासून जोडीने शिकवावेत.

परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. भीती घालवण्यासाठी हे प्रमाण ठीक आहे. पण वाचनात १७ गुण मिळवणारी बाई बँकेचा कागद वाचू शकेल, असं कुणी समजू नये. रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस, असे चार महिने गेले तर सव्वाशे तास होतात. त्यात साधी वाक्यं सावकाश वाचता येतात. फॉर्म आपला आपण भरायला जवळपास तेवढाच वेळ आणखी लागतो. हा पुढचा टप्पा नीट चालवणारे वर्ग थोडे, आणि खरी तक्रार तीच आहे.

त्याहून धोक्याचं म्हणजे सहीवर थांबणं. अंगठा उठवणाऱ्याला मजकूर वाचून दाखवायची, साक्षीदार घ्यायची रीत आहे. सही केली की कुणी वाचून दाखवत नाही. म्हणजे फक्त सही शिकलेल्या बाईचं जुनं संरक्षण गेलं आणि नवं मिळालं नाही.

आणि इथेच ती पदवीधर माणसाच्या रांगेत येऊन बसते. त्याला वाचता येतं, तो वाचत नाही. कर्जाच्या फॉर्मची पानं उलटत तो फक्त विचारतो, "सही कुठे करू?" उदाहरण घ्या: ३०,००० रुपये, २४ महिने, '१२ टक्के फ्लॅट'. व्याज ७,२००, हप्ता १,५५०. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जात असताना व्याज पूर्ण ३०,००० वर लावलेलं असतं, म्हणून घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे २१.६ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद, द्यावं लागतं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, वार्षिक एकूण दरासकट. कागद दोघांच्याही हातात असतो. एकीला तो वाचता येत नाही, दुसरा वाचत नाही.

नुकसान सारखं असलं तरी इलाज सारखा नाही. निरक्षर बाईला वाचायचं असतं. शेजारणीकडून, मुलाकडून ती वाचून घेतेच. क्युबातल्या चिरूट कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा पडली, ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेही होते. विडीकामही तसंच हाताचं आहे, कान मोकळे असतात. वर्गाला येणं जमत नाही त्या दिवशी दुपारी कुणी वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचून दाखवलं तरी शब्दसंग्रह वाढतो आणि पुढचा धडा हलका जातो. न वाचणाऱ्या शिकलेल्याला मात्र वर्ग देऊन काही होत नाही. त्याला वाचायची गरजच वाटत नाही. त्याच्यासाठी एकच उपाय कामाचा दिसतो: वर्गात स्वयंसेवक म्हणून बसवणं. बाईने आणलेला कागद तिला समजावताना त्याला तो ओळ न ओळ वाचावाच लागतो.

म्हणून वर्ग निवडताना हे पाहा. आठवड्यातून एक दिवस घरचा कागद आणायला सांगतात का: वीजबिल, रेशनकार्ड, विडीचं लॉगबुक (कामाची नोंदवही), कर्जाचं कार्ड. वीजबिलातली 'अंतिम तारीख' आणि लॉगबुकातला छाटीचा आकडा स्वतः शोधायला लावतात का. परीक्षेनंतर वर्ग चालू राहतो का. राहत नसेल तर घरी वाचायला काहीतरी हवंच, नाहीतर सहा-आठ महिन्यांत जोडाक्षरं आधी विसरतात, मग मात्रा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड गोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायला परवानगी आहे. पातळी एक आणि दोनच्या घ्याव्यात, गोष्ट लहान मुलांची असली तरी नातवंडांना वाचून दाखवायला म्हणून दिली की संकोच राहत नाही. अक्षर मोठं ठेवावं, पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको. नेहमीच्या पुस्तकाएवढं बारीक अक्षर तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, आणि तेही चष्मा लावून.